वर्षभर न सोडलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी राणी आहे. राणी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, मोठी शूर असेल, हातात तलवार असेल. छे हो! माझ्याइतकी भित्री राणी शोधून सापडायची नाही. वीतभर उंची, रक्तचंदनाचं अंग आणि त्या अंगात ठासून भरलेली भीती. पालीला मी भिते, वाळवीला भिते, डांबराच्या गोळ्यांच्या वासाला भिते. कपाटाची कडी वाजली तरी माझ्या काळजात धस्स होतं. आमचे राजेसाहेब याच्या अगदी उलट. आभाळ कोसळलं तरी तोंडातून ब्र काढायचे नाहीत. दोघांची मिळून जेवढी भीती असायला हवी, तेवढी सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला आली आहे.

तिरुपतीच्या डोंगराच्या पायथ्याशी मुनुस्वामी नावाचा एक म्हातारा कारागीर होता. त्यानं आम्हा दोघांना एकाच ओंडक्यातून काढलं. वेगवेगळ्या झाडांचे नवरा-बायको एकमेकांशी पटवून घेत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. करवत फिरली, पटाशी चालली, तेव्हा मी भीतीनं अर्धमेली झाले. पण नाक-डोळे उमटल्यावर समोर हे उभे दिसले आणि मला जरा धीर आला.

आमच्याकडे, तमिळ घरांत, मुलीचं लग्न झालं की आईबाप तिच्याबरोबर असा राजा-राणीचा जोड देतात. नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. त्यात सगळ्यांत वरची पायरी आमची. देव, प्राणी, भाजीवाली, पोलीस, सगळे आमच्या खाली. मान मोठा असतो. पण नऊ दिवसांचा मान संपला की मग कपाट.

आम्हाला विकत घेतलं सारंगपाणींनी. ते तिरुच्चीचे. लग्नघरी स्वयंपाक करणारे आचारी. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात सांबार ढवळण्यात गेला. स्वतःच्या मुलीच्या, मैथिलीच्या लग्नात त्यांना दोन साड्या आणि आम्हा दोघांना देता आलं, बस्स. सासरच्या माणसांसमोर त्यांनी आम्हाला वर्तमानपत्राच्या कागदातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मैथिलीच्या सासूबाई आलमेलू, ज्यांना पुढे सगळे पाट्टी म्हणजे आजी म्हणू लागले, आमच्याकडे बघून म्हणाल्या, "एवढंच? लाकूड?"

मैथिलीची मान खाली गेली. मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी चुलीत. पण मित्रांनो, माणसं बदलतात. त्याच आलमेलू पाट्टी पुढच्या नवरात्रात जरीचे तुकडे घेऊन आम्हाला नटवत बसल्या. पुढे तर हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला त्या ऐकवायच्या, "ही जोडी माझ्या सुनेच्या माहेरची हं. असं लाकूड आता बघायला मिळत नाही." ते ऐकून मैथिलीचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं.

मग कोदै जन्मली. मैथिली आणि वरदराजन यांची एकुलती एक लेक. तिला दात येत होते तेव्हा तिनं माझं डोकं यथेच्छ चघळलं. त्या खुणा अजून आहेत, पाचच आहेत, पण खोल आहेत. मोठी झाल्यावर तीच मला साडी नेसवायची. टाचणी टोचेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसायची, पण तिनं कधी टोचली नाही. पुढे शिकली, बंगळूरला नोकरीला लागली. नवरात्रात सुट्टी मिळेना. तरी फोनवरून ती विचारायची, "अम्मा, राणीला यंदा कुठला रंग?"

आता मैथिलीची एक सवय सांगते, कारण त्या सवयीनंच आमच्या जिवाशी खेळ केला. विजयादशमीला ती आम्हाला आडवं करून झोपवते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरदराजनच्या जुन्या धोतरात गुंडाळून घट्ट गाठ मारते. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं त्या दिवसाचं पान टर्रकन फाडते आणि घडी घालून गाठीत खोचते. कपाटातल्या तिच्या प्रत्येक गाठोड्याला असं एक पान असतं. आत काय आहे, ते मात्र ती कधीच लिहीत नाही. वरदराजन चिडवायचे तर म्हणायची, "काय आहे ते माझ्या लक्षात असतं हो. कधी बांधलं तेवढंच विसरते."

एका वर्षी तिनं अशीच गाठ मारली, पान खोचलं, आणि दोन महिन्यांत आलमेलू पाट्टी गेल्या. घर सुतकात बुडालं. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. पुढचं नवरात्र आलं. शेजारच्या जयलक्ष्मी मामींकडून गाणी ऐकू आली, चण्याच्या उसळीचा वास आला, पण आमची गाठ कुणी सोडली नाही. काळोखात पडल्या पडल्या मी राजेसाहेबांना हजारदा विचारलं, "अहो, विसरल्या का हो आपल्याला?" ते काय बोलणार, कपाळ! मग मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, पाट्टींचं वर्षश्राद्ध झालं, आणि एका दुपारी मैथिलीनं कपाट उघडून आमच्या गाठोड्यावर हात ठेवला.

"आणखी थोडेच दिवस," ती हळूच म्हणाली. "मासी महिन्यात कोदैचं लग्न. मग तुम्ही दोघं तिच्या घरी. माझ्या अप्पांनी मला दिलं, मी तिला देणार. तिला अजून सांगितलेलं नाही हं मी."

इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. नव्या घराची भीतीही वाटली, नाही कशाला म्हणू? पण ती भीती गोड होती.

पोंगलच्या दिवशी, म्हणजे तुमच्या संक्रांतीला, कोदैच्या होणाऱ्या सासरची माणसं घर बघायला येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी भोगी. आमच्याकडे भोगीला पहाटे दारासमोर आग पेटवतात आणि घरातलं जुनं, फाटकं, मोडकं सगळं त्यात टाकतात. म्हणजे घर आवरायला उरला होता एकच दिवस, आणि निजायच्या खोलीतलं आमचं लोखंडी कपाट तर असं फुगलेलं की दार ओढून दोरीनं बांधावं लागायचं.

कोदै भोगीच्या आदल्या दिवशी सकाळीच बंगळूरहून आली. मैथिली ऊस, हळदीची रोपं आणि नवं मडकं आणायला बाजारात गेली. तिची पाठ वळली आणि कोदैनं कमरेला ओढणी खोचली.

"अप्पा, अम्मा यायच्या आत मी हे कपाट आवरून टाकते. एक तास. बघाच तुम्ही."

वरदराजन वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तीस वर्षांचा पसारा एका तासात? तुझी अम्मा मला घराबाहेर काढेल."

"सोपं असतं हो. तीन ढीग. ठेवायचं, द्यायचं आणि भोगी. ज्याला वर्षभर हात लागला नाही, ते घरात ठेवायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"मग मला कुठल्या ढिगात टाकतेस? निवृत्त झाल्यापासून मलाही कुणी हात लावलेला नाही."

"तुम्ही द्यायच्या ढिगात. पण तुम्हाला घेणार कोण?" असं म्हणून कोदै हसली. मोबाइलवर तिनं एक तासाची घंटा लावली आणि कपाटाची दोरी सोडली.

मित्रांनो, पुढचा तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक. वरच्या कप्प्यातून धडाधड वस्तू पलंगावर पडू लागल्या. लग्नांत मिळालेल्या पिवळ्या कापडी पिशव्या निघाल्या, शंभर तरी असतील. प्रत्येकीवर कुणा नवरा-नवरीचं नाव छापलेलं. खणाचे तुकडे निघाले. ह्या घरातून त्या घरात फिरत राहणारे, कुणीच कधी न शिवलेले. कोदै पटापट बघायची आणि पटापट टाकायची. साड्या ठेवायच्या ढिगात, खण द्यायच्या ढिगात, फाटके पलंगपोस भोगीत. गाठोडं आलं की ती गाठीतलं पान बघायची. "हे मागच्या वैकासी महिन्यातलं, ठेवू." "हे दोन वर्षांपूर्वीचं, भोगी."

माझी पाचावर धारण बसली. आमच्या पानावरची तारीख पंधरा महिन्यांपूर्वीची होती. मी मनात ओरडत होते, अगं, मध्ये एक नवरात्र गेलं ते आम्ही बाहेर आलो नाही, कारण तुझी पाट्टी गेली होती! हिशेब तेवढाच कर गं बाई! पण लाकडाचा आवाज माणसाच्या कानाला कुठून ऐकू येणार?

कोदैनं आम्हाला उचललं. पान वाचलं. मग गाठोडं हलवलं. आत आम्ही एकमेकांवर आपटलो.

"अप्पा, ह्यात काय आहे? लाकडाचं काहीतरी दिसतंय. जड आहे."

वरदराजननी वर्तमानपत्र खाली केलं, चष्म्यावरून पाहिलं. "पाट्टीच्या जुन्या पाटाचे पाय असतील. मोडला होता मागे. तुझ्या अम्माची गाठोडी, देव जाणे."

"गाठ किती घट्ट आहे! सोडायला दहा मिनिटं जातील." तिनं मोबाइलकडे पाहिलं. अकरा मिनिटं राहिली होती. "जाऊ दे. लाकूड आहे ना, छान जळेल."

आणि तिनं आम्हाला भोगीच्या ढिगात टाकलं.

राग येतोय ना तुम्हाला कोदैचा? मला नाही आला. मला नुसती भीती वाटली, अशी भीती की विचारू नका. जिचे दात माझ्या डोक्यावर आहेत, तीच मला आगीत घालायला निघाली होती, आणि ते ती आईच्या मायेपोटी करत होती. ओरडावं कुणावर?

मैथिली परतली. कपाट उघडं होतं, साड्या रांगेत लावलेल्या, दार एका बोटानं लागत होतं. ती दारातच थबकली. मला वाटलं, आता विचारील, खालच्या कप्प्यातलं गाठोडं कुठं आहे? पण तिचे डोळेच भरून आले.

"कोदै, अगं केवढं काम केलंस! माझ्या कंबरेला झेपत नव्हतं गं. परवा कुणी कपाट उघडून बघितलं तर मला लाज वाटणार नाही."

"मग! तू मला अजून लहानच समजतेस."

दोघी जेवायला गेल्या. भोगीचा ढीग वरदराजननी जिन्याखाली नेऊन ठेवला आणि त्यावर फाटकी चटई टाकली. मैथिली संध्याकाळपर्यंत चारदा त्या चटईजवळून गेली. चारदा माझा जीव टांगणीला लागला आणि चारदा तो परत खाली आला. राजेसाहेब माझ्या अंगाला अंग लावून गप्प होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, आता तरी काही बोला." त्या दिवशीची त्यांची शांतता मला सोसेना.

पहाटे गल्लीत मुलांचे ढोल वाजू लागले. घरोघर दारासमोर आगी पेटल्या होत्या. मैथिलीनं अंगण शिंपून तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी काढली होती आणि रांगोळीपासून दूर आग लावा, म्हणून ती वरदराजनना बजावत होती. "अहो, राखेचा एक कण जरी माझ्या रांगोळीवर पडला तर बघा!" वरदराजननी कापूर लावला. आधी चटई गेली. मग झाडू. मग फाटके पलंगपोस. एकेक वस्तू भडकली की ढोल जोरात वाजायचे. चटई गेल्यामुळे मला धोतराच्या विरलेल्या जागेतून सगळं दिसत होतं. न दिसतं तर बरं झालं असतं.

कोदैनं आम्हाला उचललं, हात मागे नेला आणि झोकून दिलं. तेवढ्या हिसक्यात गाठीत खोचलेलं ते पान निसटलं आणि गिरक्या घेत मैथिलीच्या ओल्या रांगोळीवर जाऊन पडलं.

"हे काय गं! आत्ता काढलीय मी!" म्हणत मैथिली वाकली. तिनं पान उचललं. आगीच्या उजेडात तिनं तारीख वाचली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कोदै, हे कशातलं पान?"

"त्या गाठोड्यातलं. मोडका पाट होता ना..."

पुढचं मैथिलीनं ऐकलंच नाही. ती धावली आणि तिनं आगीत हात घातला. हो मित्रांनो, उघडा हात. धोतरानं पेट घेतला होता. तिनं गाठ धरून ओढलं, तसं जळकं कापड फाटलं. मी तिच्या मुठीत आले, आणि माझे राजेसाहेब निखाऱ्यांच्या मधोमध पडले.

मित्रांनो, तोवर मला वाटायचं की मी माझ्या जिवाला भिते. त्या घटकेला कळलं, ती सगळी किरकोळ भीती होती.

मैथिली पुन्हा हात घालायला झेपावली. वरदराजननी तिला मागून घट्ट धरलं. "मैथिली, वेडी झालीस का! हात जळेल!"

"सोडा मला! माझ्या अप्पांचा राजा आहे तो!"

तेव्हा कुठं कोदैला कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेला पोंगलचा ऊस उपसला आणि त्या उसानं निखारे उकरायला लागली. एकदा, दोनदा राजेसाहेब घरंगळून परत आत गेले. तिसऱ्यांदा ते बाहेर आले, पण ओढताना त्यांचा जळका डावा पाय काडकन मोडला आणि आतच राहिला. वरदराजननी शिंपणाची बादली उचलून त्यांच्यावर ओतली. चर्र असा आवाज झाला. ढोल थांबले.

मैथिली मला पदरात घेऊन पायरीवर बसली. तिच्या तळव्यावर मोठा फोड आला होता. वरदराजन तिच्या हातावर पाणी ओतत राहिले. "मी बघायला हवं होतं गं. वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही मी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कोदै रडत होती. "अम्मा, मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, वर्षभर ह्याला कुणी हात लावला नाही."

मैथिली चिडली नाही. ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "वर्षभर मी कशालाच हात लावला नव्हता, कोदै. सुतक होतं ना आपल्याला."

कोदै तिच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके देऊ लागली. मग मैथिलीनं दुखऱ्या हातानं तिचे केस सारखे केले आणि पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. तात्तांचे, म्हणजे कोदैच्या आजोबांचे, थरथरणारे हात, वर्तमानपत्राचा कागद, "एवढंच? लाकूड?" हा प्रश्न, आणि ह्या लग्नात ती कोदैला काय देणार होती ते.

तुम्हाला वाटेल, संपली आता माझी भीती. कुठली संपतेय! दुपारी जयलक्ष्मी मामी आल्या. राजेसाहेबांना बघून त्या चुकचुकल्या.

"अगं मैथिली, भंगलेली बाहुली पायऱ्यांवर ठेवत नाहीत. त्यातून लग्नाचं घर! राजाला कावेरीत सोडून दे. आणि एकटी राणी काय करायची? तीही सोड, नाहीतर पोरांना खेळायला दे. पोरीला नवी जोडी घे बाई."

 मैथिलीच्या मनातही तेच असावं. तिनं आम्हाला फडताळात शेजारी शेजारी ठेवलं, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी खरोखरच तिरुपतीहून एक नवी जोडी आली. चकचकीत, लालभडक, दोन्ही पाय शाबूत. त्यांना बघून मला कावेरी आठवली. नदीच्या पाण्याची मी कल्पना करून बघितली. रक्तचंदन पाण्यावर तरंगत नाही, तळाला जातं. आम्ही दोघं एकाच जागी तळाला जाऊ का, एवढीच मला काळजी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मैथिलीनं रुखवताच्या ताटात नवी जोडी मांडली. कोदैनं ती उचलून बाजूला ठेवली.

"अम्मा, माझी जोडी कुठंय?"

"हीच की. ती भंगली ना, राजा."

"ती भंगली ती माझ्या हातानं. मला तीच हवी."

"मामी काय म्हणतात ते ऐकलंस ना? अशुभ मानतात गं."

"मामींना माझ्या घरी जेवायला बोलावीन आणि वरच्या पायरीकडे पाठ करून बसवीन," कोदै म्हणाली, आणि मग आईजवळ बसली. "अम्मा, नवी जोडी दुकानातनं आलीय. तात्तांनी दिली ती जुनी जोडी. मला दे ना."

मैथिलीनं आम्हाला फडताळातून काढलं. ताटात ठेवताना तिचेही हात थरथरले.

आता मी बंगळूरला असते, कोदैच्या घरी. मित्रांनो, कपाट जरूर आवरा. पसाऱ्यात आमचंही गुदमरतं, आम्हालाही मोकळी हवा हवी असते. जुनं द्या, टाका, जाळायचं ते जाळा. पण कुणाच्या हातची गाठ दिसली तर घड्याळाकडे बघू नका. बसा आणि ती सोडा. दहा मिनिटं लागतील. आत मोडका पाट निघाला तर टाकून द्या खुशाल. आणि ज्यानं ती गाठ मारली ते माणूस घरात असेल, तर आधी त्याला विचारा. वस्तूला हात का लागला नाही, हे वस्तू सांगू शकत नाही.

यंदाच्या नवरात्रात कोदैनं पहिल्यांदा स्वतःच्या घरी पायऱ्या मांडल्या. राजेसाहेबांना तिनं लांब धोतर नेसवलं, काळवंडलेली बाजू शेल्यानं झाकली. पण एका पायावर ते उभे राहीनात. तिनं मेण लावून बघितलं, कापूस लावून बघितला. शेवटी तिनं त्यांना माझ्या खांद्याला टेकवलं आणि हळूच हात काढून घेतला. तेव्हापासून त्यांचा सगळा भार माझ्यावर आहे. पायरीवर पाल येते, खाली मुलं धावतात, फळी हादरते. मी अजूनही खूप भिते मित्रांनो, पण जराही हलत नाही.